जंगलाची खतावणी

वाण्याच्या दुकानांत रोजमेळ आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. रोजमेळांत दिवसाचा व्यवहार उतरतो. खतावणींत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. इ. स. १९८३ मध्यें रिचर्ड हॉटन हे अमेरिकन शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनीं जगांतील रानांचा असाच हिशेब मांडला. १८६० पासून १९८० पर्यंत किती रान तुटलें, किती जमीन नांगराखालीं आली, आणि त्यापायीं किती कार्बन हवेंत गेला, हें त्यांस पाहावयाचें होतें. पद्धतीस नांवहि जमाखर्चाचेंच पडलें.

खातीं चार धरतात. खोड, फांद्या व पानें हें पहिलें; मुळें दुसरें; पालापाचोळा व वठलेलें लांकूड तिसरें; आणि मातींत मुरलेला सेंद्रिय अंश हें चौथें. वाळलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्मा भाग कार्बनाचा असतो. एका हेक्टरांत, म्हणजे सुमारें अडीच एकरांत, ३०० टन असें लांकूड आहे असें धरलें, तर कार्बन १५० टन झाला. तो सारा जळाला, तर दर १२ भागांस ३२ भाग प्राणवायु येऊन मिळतो व ५५० टन कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो.

पण झाड तुटलें म्हणजे सारा कार्बन त्याच दिवशीं उडाला असें नाहीं. जाळलेल्या फांद्यांचा खर्च लागलीच पडतो. रानांत टाकलेलीं लांकडें वर्षानुवर्षें कुजतात. तुळईचें लांकूड घरांत कित्येक दशकें टिकतें. उलट, पडीक शेतांत पुन्हां झाडी वाढली तर ती जमेस, पण फार हळूहळू. तोडीचा खर्च रोख आणि वाढीची जमा हप्त्यानें, हा या वहींतील मोठा जाच आहे.

कोणती जमीन कशाखालीं आहे हें आतां उपग्रहांच्या चित्रांवरून कळतें. लँडसॅट उपग्रह १९७२ पासून तीं टिपीत आहेत. (हिरवें दिसतें तें सारें रान, असें मानणारांनीं एकदां रबराच्या मळ्यांत हिंडून यावें.) दहा वर्षांच्या अंतराचे दोन नकाशे घेऊन रानाच्या १०० भागांपैकीं ९० तसेच राहिले असें दिसलें, तर पुढील दहा वर्षांनीं ८१ उरतील, असें गणित करतात. त्यांत गृहीत इतकेंच, कीं माणसाची चाल बदलणार नाहीं. ती बदलते. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या रानाची तोड २००४ सालीं २७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक होती. २०१२ सालीं ती साडेचार हजारांच्या आसपास उतरली. २००४ च्या गतीवर भविष्य वर्तविणारा सपशेल चुकला असता.

याहून मोठी चूक खातें विसरल्यानें होते. बोर्निओ बेटाच्या मध्य कालीमांतान प्रांतांत पाण्याखालीं न कुजतां हजारों वर्षें साचलेल्या झाडपाल्याचे थर आहेत. त्यांस पीट म्हणतात. कांहीं ठिकाणीं ते दहा मीटरांहून खोल आहेत. १९९५ सालीं इंडोनेशियाच्या सरकारनें तेथें सुमारें दहा लाख हेक्टरांवर भातशेती करण्याचें ठरविलें. कालवे खणले गेले, दलदलीचें पाणी ओसरलें, आणि १९९७ च्या दुष्काळांत तो थरच पेटला. सूझन पेज व त्यांचे सहकारी यांनीं आगीपूर्वींचीं व नंतरचीं उपग्रहचित्रें ताडून व जागेवर मोजमाप करून पाहिलें, तेव्हां जळलेला थर सरासरी अर्धा मीटर भरला. त्या वर्षीं साऱ्या इंडोनेशियांतून ८१ कोटी ते २५७ कोटी टन कार्बन हवेंत गेला असावा, असा अंदाज त्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केला. आंकडा असा ऐसपैस, कारण किती क्षेत्र व किती खोल जळालें याची खात्री सर्वत्र देतां येईना. एकच नेमका आंकडा छापण्यापेक्षां हें अधिक सरळ झालें.

भात तर पिकलाच नाहीं. योजना सोडून दिली गेली. कालवे मात्र राहिले. पुढें त्यांत बांध घालून पाण्याची पातळी वर आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. कोरडा पडलेला पीट आग न लागतांहि कुजत राहतो; म्हणून तेथील खतावणींत झाडांच्या चार खात्यांबरोबर पाणी जमिनीखालीं किती खोल आहे, याचाहि रकाना आंखावा लागतो.