मेणवली ते नायगाव : सभासदांची वाडे-सहल

गळीत हंगाम आटोपला, तोडणीवाले आपापल्या गावी परतले, आणि मग कुठे आपल्या सभासदांना मोकळा दिवस सापडला. दोन गाड्या भरून आम्ही जुने वाडे पाहायला निघालो. "वाडे कसले बघताय, घरचेच पडायला आलेत," असा टोमणा निघतानाच मिळाला; तो दिवसभर डोक्यात राहिला. माहिती सांगायला एक निवृत्त गुरुजी बरोबर होते.

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली. तिथला नाना फडणवीसांचा वाडा अठराव्या शतकातला, सहा चौकी. घाटावरच्या देवळाजवळची मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयातली. पण मंडळी रमली ती भिंतींपाशी. गुरुजी म्हणाले, जुन्या बांधकामात चुना घाणीत मळत आणि त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत. गूळ म्हटल्यावर सगळ्यांचे कान टवकारले. "म्हणजे गुळाला गिऱ्हाईक तेव्हाही होतंच की!" एक आबा बोलले.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून खंडाळा तालुक्यातले नायगाव गाठले. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले इथे, नेवसे पाटलांच्या घरी जन्मल्या. माती-लाकडाचे हे घर दुरुस्त करून जतन केले आहे. आमच्यातल्या बायका इथेच जास्त वेळ थांबल्या. पुण्यातल्या ज्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, तो मात्र पडझड होत होत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये उतरवावा लागला. आता तिथे स्मारक होईल, पण त्या भिंती काही परत येणार नाहीत.

परतीच्या वाटेवर गाडीत याच विषयावर वादावादी झाली. आपल्या गावांतले वाडे का पडतात? वाटण्या झाल्या, आठ जणांची नावे लागली, आणि कौल फिरवायचे कुणी, हे ठरेना. एक फुटके कौल, एक पावसाळा, की वासा कुजलाच. त्यावर हौसेने सिमेंटचा गिलावा! मातीच्या भिंतीला तो बाधतो. ओल आत कोंडते आणि भिंत पोटातून भुसभुशीत होते. बाहेरून मात्र ठणठणीत दिसते. त्यापेक्षा मातीचा किंवा चुन्याचा गिलावा बरा. पाया कोरडा ठेवावा, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून लांब काढावे, आणि मृगाआधी कौले फिरवून घ्यावीत. खर्च भावकीने हिश्श्याप्रमाणे वाटून घ्यावा; कज्जा कोर्टात असला तरी पाऊस थांबत नाही.

पुढची सहल खटाव तालुक्यात, जोतीरावांच्या पूर्वजांच्या कटगुणला काढावी असे बहुतेकांचे मत पडले. येऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे गट कार्यालयात द्यावीत. भाकरी घरूनच बांधून आणावी.