थायरॉईडची गोळी आणि सकाळचा चहा : मध्ये तासभर का थांबायचं?

पहाटे उठायचं, बाटलीतली बारीक गोळी पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच गॅसवर चहाचं आधण ठेवायचं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत सकाळ अशीच सुरू होते. गोळी एक दिवस चुकत नाही, तरी रिपोर्टात टीएसएच वरच. मग ५० ची ७५ होते, ७५ ची १००. ‘गोळीनंतर चहा किती वेळाने घेता?’ हा प्रश्न मात्र गर्दीच्या ओपीडीत विचारायचा राहून जातो.

थायरॉईड ग्रंथी मंदावली की तिचं संप्रेरक बाहेरून द्यावं लागतं. त्या औषधाचं नाव लेव्होथायरॉक्सिन. एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म ही त्याचीच बाजारातली नावं. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात. इतकं थोडं औषध, त्यात ते पोटातून सगळं शोषलंही जात नाही. मागोमाग कॉफी गेली की आणखी कमी. इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये हेच दाखवून दिलं. गोळीबरोबर किंवा लगेच नंतर कॉफी घेणाऱ्यांच्या रक्तात औषध कमी उतरत होतं. कॉफी तासाभराने घेतली की फरक पडत नव्हता.

आपला चहा तर दुधाचा. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं. जोडीला बटर-खारी आलीच.

याचा अर्थ चहा-कॉफीने थायरॉईड होतो, असा नाही. कॅफिनमुळे ग्रंथी मंदावते असं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा चहा सोडायचं काही कारण नाही, तासभर पुढे ढकलला की झालं. सहाच्या बसला पळणाऱ्यांना ते जमत नसेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्री, जेवणानंतर किमान ३ तासांनी घेता येते.

खरी काळजी गरोदर बायकांची. पहिल्या काही महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतं, आणि नेमक्या त्याच काळात लोहाच्या गोळ्या सुरू होतात, पुढे कॅल्शियमच्याही. सोयीचं म्हणून सगळ्या गोळ्या एकदम गिळल्या जातात. थायरॉईडची गोळी आणि या गोळ्या यांत ४ तासांचं अंतर हवं.

दुसरी बाजूही आहे. चहासोबत घेत घेत मात्रा १०० वर गेलेली असते. कुणीतरी सांगितलं म्हणून चहा पुढे ढकलला, की तीच गोळी पूर्वीपेक्षा जास्त लागू पडते. मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. त्यावर कडक चहा म्हणजे धडधडीत भरच. वयस्कर माणसांत हे लांबलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोकेही चुकू शकतात.

म्हणून सवय बदलली तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. गोळी मनाने कमी-जास्त करू नये. हे औषध शरीरात सावकाश मुरतं, त्यामुळे आठवड्यात तपासणी करून कळत नाही. टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी बघतात. एक रिपोर्ट बेळगावचा, दुसरा मिरजेचा, असं न करता जमल्यास तपासणी एकाच लॅबमध्ये करावी आणि जुने कागद सोबत न्यावेत.