गॅस किट बसवलेली गाडी ‘मिसिंग’ का मारते? स्पार्क प्लगच्या बिघाडाचे निदान



मुलांची ने-आण करणाऱ्या कितीतरी व्हॅन मुळात पेट्रोलच्या असतात. नंतर त्यांना सीएनजी किट बसवून घेतलेलं असतं. आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या गाडीचंही तेच. अशी गाडी चढावर झटके मारायला लागली की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “पेट्रोलवर एकदम ओके आहे, गॅसवरच मिसिंग मारते. म्हणजे किटचाच प्रॉब्लेम.”

वाक्य बिनतोड वाटतं, हो ना? पण त्यातला ‘म्हणजे’ चुकीचा आहे. या एका शब्दापायी किट उघडलं जातं, रेड्यूसर बदलला जातो, ट्युनिंगचे पैसे दिले जातात आणि पुढच्या चढावर गाडी पुन्हा झटका मारतेच. हे असं का होतं ते समजायला दहावीचं विज्ञान पुरेसं आहे.

ठिणगी पडते म्हणजे काय होतं?

फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला २५. (वर्गात हे गणित मुलांकडूनच करून घ्या, त्यांचा विश्वास बसत नाही.) यातली एखादी ठिणगी पडली नाही, किंवा पडूनही मिश्रण पेटलं नाही, की त्या वेळेपुरता तो सिलिंडर फुकट जातो. इंजिन हिसका देतं. यालाच गॅरेजच्या भाषेत मिसिंग म्हणतात.

बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी उडवायला मात्र हजारो व्होल्ट लागतात, वेळप्रसंगी २०-३० हजार. हे काम इग्निशन कॉईल करते. आतल्या प्राथमिक वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की दुय्यम वेटोळ्यात, जिथे तारेचे वेढे कितीतरी जास्त असतात, मोठं व्होल्टेज तयार होतं. ‘विद्युतधारेचे परिणाम’ या प्रकरणात आपण शिकवतो ते फॅरेडेचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. १८३१ सालचा शोध, आजही प्रत्येक पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली चालू आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. फट ओलांडायला किती व्होल्ट लागतील हे दोन गोष्टींवर अवलंबून असतं: फट किती रुंद आहे आणि तिथे वायू किती दाटीवाटीने भरला आहे. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हा संबंध मांडला. आपल्या कामापुरतं लक्षात ठेवायचं ते एवढंच की फट वाढली तर जास्त व्होल्ट लागतात आणि दाब वाढला तरी जास्त लागतात. चढावर आपण ॲक्सिलरेटर दाबतो, सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो. म्हणून कमजोर कॉईल किंवा झिजलेला प्लग सपाट रस्त्यावर गप्प बसतो आणि घाटात तोंड उघडतो.

मग गॅसवरच का?

कारण सीएनजीचं मिश्रण पेटवणं पेट्रोलपेक्षा अवघड आहे. मिथेनच्या मिश्रणात ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, मिश्रण जरा जास्त पातळ झालं की ते पेटायला कुरकुर करतं आणि ज्वालाही पेट्रोलच्या मानाने हळू पसरते. म्हणजे असं समजा, पेट्रोलला १५ हजार व्होल्टमध्ये काम भागत होतं, त्याच वेळी गॅसला २० हजार लागतात (आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत). कॉईल थकून १८ हजारच देऊ लागली तर काय होईल? पेट्रोलवर गाडी मस्त चालेल, गॅसवर मिसिंग मारेल. दोष कॉईलचा, नाव किटचं.

त्यामुळे ‘फक्त गॅसवर होतं’ या निरीक्षणातून दोन शक्यता निघतात, एक नाही. एक, गॅसच्या बाजूला काहीतरी बिघडलं आहे. दोन, ठिणगीची बाजू कमजोर झाली आहे आणि गॅसने ते आधी उघडं पाडलं. यातली कोणती खरी, हे बसल्याजागी ठरत नाही. तपासावं लागतं. (टर्बो बसवून ताकद वाढवलेल्या गाड्यांतही हेच घडतं. तिथे दाब वाढतो, म्हणून व्होल्टेज कमी पडतं.)

दोष हलवून बघा

आता बहुतेक गाड्यांना स्कॅनर लावता येतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असा क्रम. पी ०३०० आला तर एकच सिलिंडर ठरवता येत नाही, मिसिंग इकडेतिकडे होत आहे. संगणकाला हे कसं कळतं? सिलिंडर फुकट गेला की क्रँकशाफ्ट क्षणभर मंदावते, ते सेन्सर टिपतो.

समजा दुसऱ्या सिलिंडरचा कोड आला आणि गाडीला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल आहे. लगेच नवी कॉईल आणू नका. दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. बाकी कशालाही हात लावायचा नाही. कोड पुसा आणि तोच चढ, तेच इंधन, तशीच गाडी भरलेली, असं करून पुन्हा चालवा. कोड आता पी ०३०३ झाला? मग दोष कॉईलबरोबर हलला, कॉईलच दोषी. कोड दुसऱ्यावरच राहिला? कॉईल निर्दोष. आता हाच प्रयोग प्लगचा, मग गॅस इंजेक्टरचा. प्रयोगात एका वेळी एकच चल बदलायचा हे आपण मुलांना सांगतो, ते इथे खिशातले पैसे वाचवतं. गॅरेजमध्ये चारही प्लग, कॉईल आणि फिल्टर एकदम बदलून गाडी सुधारली तर ती कशाने सुधारली हे कुणालाच सांगता येत नाही. उरलेले चांगले भाग भंगारात जातात ते वेगळंच.

काही गाड्यांत एक कॉईल दोन सिलिंडरना मिळून असते, चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. जोडीतले दोन्ही कोड एकदम आले तर संशय आधी सामाईक कॉईलवर घ्यावा. आणि सगळेच सिलिंडर थोडे थोडे चुकत असतील तर सामाईक गोष्टी बघायच्या: गॅसचा फिल्टर, रेड्यूसरचा दाब, किटचं ट्युनिंग. किंवा चारही प्लगची वाढलेली फट.

या फटीचा प्रयोग सगळ्यात स्वस्त. पेट्रोल गाड्यांत ती साधारण ०.८ ते १.१ मिमी ठेवलेली असते. प्रत्येक ठिणगी टोकावरचा कणभर धातू नेते, त्यामुळे ती वाढतच जाते. गॅसवर चालणाऱ्या गाडीत ती ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास आणण्याची पद्धत आहे, तरी किटच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच पाळा. फीलर गेजने मोजा आणि फक्त बाहेरचं वाकडं टोक हलवा. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं असतं, त्याला धक्का लागला की प्लग गेला. फट कमी केल्यावर मिसिंग थांबलं, तर किट उघडायची गरज नव्हती.

प्लगचा चेहरा वाचताना

प्लग काढून त्याचं टोक बघणं ही जुनी आणि चांगली सवय. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, तेलकट काळं म्हणजे ऑईल वर येतंय, पांढरं आणि फोड आलेलं म्हणजे तापमान जास्त. मात्र हा तक्ता पेट्रोलचा आहे. मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू, त्यामुळे गॅसवर चालणाऱ्या गाडीचा प्लग मुळातच स्वच्छ, फिकट दिसतो. नुसत्या पांढऱ्या रंगावरून ‘मिश्रण पातळ आहे’ असा निकाल देऊ नये. फोड किंवा वितळलेली कड दिसली तर मात्र काळजीचं. पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसते का, तेही बघा. ठिणगी फटीतून न जाता बाहेरून पळाल्याची ती खूण. अशा वेळी प्लगबरोबर त्याचं रबरी बूटही बदलावं, नाहीतर जुन्या बुटातली रेघ नव्या प्लगला तीच वाट दाखवते.

कॉईल, प्लग, इंजेक्टर सगळं हलवून झालं, तरी कोड त्याच सिलिंडरवर चिकटून आहे? विशेषतः गरम इंजिन उभ्या गाडीत थरथरतं आणि वेग दिला की सुधारतं? मग कॉम्प्रेशन मोजून घ्या. गॅसवर बरीच वर्षं चाललेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजते, टॅपेटची मोकळीक कमी होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. दाब निसटला की कितीही चांगली ठिणगी देऊन उपयोग नाही. हे काम टॅपेट सेटिंगवर भागलं तर ठीक, नाहीतर हेड उतरवावं लागतं.

पालकांसाठी खास

चेक इंजिनचा दिवा सतत लागलेला असेल तर लवकर तपासून घ्यावं. तो *लुकलुकत* असेल तर वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवायची. न जळलेलं इंधन धुराड्यात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो, निकामी होतो, आणि त्याच्या किमतीत प्लगचे कितीतरी संच येतात. मुलांनी भरलेली व्हॅन चढावर ओव्हरटेक करताना एक सिलिंडर गमावते तेव्हा काय होईल, हे सांगायला नको.

चालू इंजिनात एकेक प्लगची वायर उपटून बघायची जुनी पद्धत वापरू देऊ नका. जबर शॉक बसतो, कॉईलही जाते. गॅसचा वास येत असेल तर ठिणगीची कोणतीही चाचणी करायची नाही, आधी इंजिन बंद आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद. प्लग थंड इंजिनातच काढावेत, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे लवकर जातात.

व्हॅनच्या काकांना पुढच्या वेळी “किट दाखवलंत का?” असं न विचारता “कोड कितव्या सिलिंडरचा आला, आणि कॉईल अदलाबदल केल्यावर तो हलला का?” असं विचारा. सोबत किटची नोंद आरसी बुकात आहे ना आणि टाकीची दर ३ वर्षांची चाचणी झाली आहे ना, हेही विचारून घ्या.