शस्त्राच्या न्यासपत्रातील नामनिर्देश : विश्वस्त, लाभार्थी आणि परवानाधारक

साखरखेर्डा (जि. बुलढाणा) येथे १७२४ साली निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांची लढाई झाली. आज अशा गावी शस्त्राचा प्रश्न उद्भवतो तो बहुधा वारसाच्या कागदपत्रांत. समजा, पीकरक्षणासाठी परवान्याने ठेवलेली ठासणीची बंदूक एका शेतकऱ्याने न्यासपत्राने नातवाच्या हितासाठी मुलाच्या स्वाधीन करावयाचे योजिले. येथे तीन नात्यांचा भेद ध्यानी घेणे अवश्य आहे.

'विश्वस्त' म्हणजे ज्यावर विश्वास ठेवला तो. मालमत्ता त्याच्या नावे होते. 'लाभार्थी' या शब्दाचा धात्वर्थ 'लाभ इच्छिणारा' असा असला, तरी कायद्यास इच्छा अभिप्रेत नाही. अजाण बालकही लाभार्थी होऊ शकते. 'परवानाधारक' ही संज्ञा मात्र न्यासाच्या १८८२ च्या अधिनियमातील नव्हे; ती १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या क्षेत्रातील होय. खाजगी न्यास ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती नसल्यामुळे विश्वस्तास बंदूक जवळ बाळगण्यासाठी स्वतःचा परवाना लागतो. एकवीस वर्षांखालील नातू लाभार्थी असला, तरी तेवढ्याने बंदूक त्याच्या हाती देता येत नाही. परवानाधारक मरण पावल्यास वारसांनी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. वारसास परवाना मिळण्याची वाट २०१६ च्या शस्त्र नियमांनी घालून दिली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस सामान्यतः दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात.

अमेरिकेत १९३४ च्या कायद्याखालील शस्त्रांसाठी न्यास करण्याची प्रथा आहे. तेथेही २०१६ पासून शस्त्रावर अधिकार चालविणाऱ्या विश्वस्तांस छायाचित्र व बोटांचे ठसे द्यावे लागतात. केवळ लाभार्थ्यास सामान्यतः नाही. हा भेद तेथेही लाभ व ताबा यांमधीलच आहे.

न्यासाचा हेतू, प्रयोजन, लाभार्थी व मालमत्ता वाजवी निश्चितीने दर्शविली जावी, अशी १८८२ च्या अधिनियमाची अपेक्षा आहे. मराठीत ही निश्चिती सहज ढळते. 'माझ्या मुलांस' असे लिहिल्यास 'मुले व मुली' या जोडीतील केवळ मुलगे, की सर्व अपत्ये, हा संशय उरतो. म्हणून प्रत्येकाचे पूर्ण नाव, नाते व वय लिहावे. पहिला विश्वस्त असमर्थ ठरल्यास त्याच्या जागी कोण येणार, तेही नमूद करावे. आणि परवाना मिळेपर्यंत शस्त्र कोठे जमा राहील, हे स्पष्ट करावे. नावाने हित निश्चित होते. ताबा परवान्यानेच मिळतो.