सेल्फ मारला, गाडी उठली नाही: दोष नक्की कुणाचा?

हिवाळ्यातल्या सकाळी गाडीने सेल्फ घेतला नाही की निदान आधीच ठरलेलं असतं: बॅटरी गेली. नवी बसते, गाडी लगेच चालू होते आणि विषय मिटतो. आठवड्याभरात पुन्हा तेच झालं, तर बिचाऱ्या नव्या बॅटरीलाच बोल लागतो. यात हजारो रुपये जातात, वर कित्येक किलो शिसं वेळेआधी भंगारात पडतं. ते टाळायला लागतो एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि अर्धा तास.

बॅटरी, सेल्फ म्हणजेच स्टार्टर मोटर, आणि अल्टरनेटर हे तिघं एकमेकांवर अवलंबून असतात. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगात दिसतं. त्यामुळे तपासणी तिघांचीही हवी, आणि क्रमाने हवी.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी निदान तीन-चार तास उभी असावी; नुकत्याच चाललेल्या गाडीत मीटर फसवा, जास्तीचा आकडा दाखवतो. टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करा. उतरलेल्या बॅटरीवर पुढची कुठलीही चाचणी विश्वासाची नाही.

इथेच बहुतेकांची गफलत होते. १२.६ हा आकडा बॅटरी भरलेली आहे एवढंच सांगतो, ती ताकदवान आहे हे सांगत नाही. तळाशी गाळ साचलेल्या टाकीचीही पाण्याची पातळी काठापर्यंत दिसते, तसंच हे. ताकद कळते ती भार टाकल्यावर. हेडलाइटचा एक दिवा पाचेक अँपिअर घेतो, तर छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभरावर. म्हणून हॉर्न खणखणीत वाजतो, दिवे लख्ख लागतात आणि तरी इंजिन फिरत नाही.

तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. तुमची नजर मीटरवर. आकडा ९.६ च्या खाली न जाता इंजिन जोमाने फिरलं, तर बॅटरी आणि सेल्फ दोघंही ठीक. सात-आठवर कोसळला तर बॅटरी थकलेली आहे, किंवा जाम झालेला सेल्फ तिच्याकडून बेसुमार करंट ओढतो आहे. पण बॅटरी १२ वर ठाम उभी असेल आणि नुसता एक ‘टक्’ आवाज येत असेल, तर नवी बॅटरी आणून काहीही साधणार नाही. दोष सोलेनॉइडमध्ये, कार्बन ब्रशमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे.

वायरिंगचा दोष सगळ्यात जास्त निसटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली किंवा इंजिनाची अर्थ पट्टी गंजली, की तिथे अवरोध तयार होतो. तो ओहमच्या शंभराव्या भागाइतका असला, तरी दीडशे अँपिअर वाहताना दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. गाडी उभी असताना हे दिसत नाही, कारण करंटच वाहत नसतो. उपाय असा: मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ साफ करा. पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड वायरीपर्यंतही असंच मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

आता काढलेला फ्यूज परत बसवा आणि इंजिन चालू करा. अल्टरनेटर धड असेल तर टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतात, आणि हेडलाइट, एसी लावून थोडी रेस दिल्यावरही आकडा १३ च्या वर टिकतो. टिकला नाही तर आधी पट्टा पाहा. १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरीतलं पाणी आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मात्र कॉम्प्युटर गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नये.

एक जुनी पद्धत मात्र कळकळीने सांगतो, सोडून द्या. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक. डायनॅमोच्या काळात हे खपलं. आज त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीचा ईसीयू जळू शकतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाहनधारकांनी तर ही तपासणी पावसाळा संपताच करावी. उन्हाळ्याच्या तापाने प्लेटा झिजतात, पाणी कमी होतं. उष्णतेत ते खपून जातं, कारण गरम इंजिन हलकं फिरतं. डिसेंबरात तेल घट्ट होतं, बॅटरीचा जोरही घटतो, आणि मे महिन्यातलं नुकसान तेव्हा उघड होतं.

सगळे आकडे चोख आणि तरी बॅटरी रातोरात उतरते? मग गाडी बंद असताना काहीतरी करंट खातं आहे. दारं लावून, गाडी लॉक करून, अर्ध्या तासाने निगेटिव्ह वायरीत मीटर अँपिअरवर लावून मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चालेल. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा घसरला, त्या सर्किटमध्ये चोर आहे. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम किंवा कॅमेरा आधी तपासा.