सहा छिद्रांची पत्र्याची शिट्टी : नवशिक्यांसाठी प्रथमपाठ

संगीत शिकावयाचे राहून गेले, ही खंत आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असते. शिक्षण, नोकरी, घरची जबाबदारी यांत ती मागे पडते आणि पुढे वय झाले, गळा नाही, बोटे ताठरली, अशी कारणे आपण स्वतःलाच सांगू लागतो. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. वसतिगृहात असताना जत्रेतून आणलेली बासरी मी महिनाभर फुंकली; वाऱ्याखेरीज तीतून काहीच निघाले नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणत्याही वाद्यास हात लावला नाही.

माझी मुलगी सध्या आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरी असते. तेथील अनेक प्राथमिक शाळांतून मुलांना ‘टिन व्हिसल’ हे छोटे वाद्य शिकवतात. नात ते शिकली आणि एके दिवशी दूरध्वनीवरून म्हणाली, “आजोबा, तुम्हीपण घ्या ना, आपण दोघे वाजवू.” नातवंडे दूर देशी वाढत असली की त्यांच्याशी बोलण्याचे विषय हळूहळू आटत जातात, हे अनेक आजी-आजोबांना ठाऊक आहे. म्हणून मी ते वाद्य मागविले. शिकताना जे उमगले, ते अगदी नवख्या वाचकास उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

टिन व्हिसलला आयरिश भाषेत ‘फ्यादोग स्तॉइन’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, पत्र्याची शिट्टी. तिचे आजचे रूप मात्र इंग्लंडात घडले. सफोक परगण्यातील कोनी वेस्टन गावच्या रॉबर्ट क्लार्क या शेतमजुराने 1843 च्या सुमारास कथील चढविलेल्या पत्र्यापासून अशा शिट्ट्या बनविण्यास आरंभ केला. हातगाडीवर हत्यारे लादून तो वाटेतील बाजारांत वाजवीत व विकीत मँचेस्टरपर्यंत पायी गेला, अशी हकीकत सांगितली जाते. स्वस्त म्हणून तिला ‘पेनी व्हिसल’ हेही नाव पडले. आयर्लंडच्या लोकसंगीतात ती इतकी रुळली, की तेथील अनेक मुलांचे ते पहिले वाद्य असते. मेरी बर्गिन या वादिकेची 1979 सालची ध्वनिमुद्रिका आजही शिकणाऱ्यांस आदर्श वाटते.

हीच शिट्टी दक्षिण आफ्रिकेतही पोहोचली. 1950 च्या दशकात, वर्णभेदाच्या राजवटीत, जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीय मुले ती वाजवीत आणि त्यातून ‘क्वेला’ ही संगीतशैली उदयास आली. स्पोक्स माशियाने हा तिचा विख्यात वादक. या शैलीतील ‘टॉम हार्क’ ही धून 1958 साली ब्रिटनमध्येही अतिशय गाजली. ज्यांना संगीतविद्यालयाचे दार उघडे नव्हते, त्यांच्या हाती हे वाद्य होते, ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. आडव्या बासरीत ओठांच्या फटीतून फुंक नेमकी छिद्राच्या कडेवर सोडावी लागते. नवशिक्याचे महिने त्यातच जातात. टिन व्हिसलच्या मुखाशी अरुंद वायुमार्ग असतो. तो फुंक आपोआप समोरच्या धारदार कडेवर नेतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी सूर निघतो. मला तो निघाला तेव्हा वसतिगृहातील ती बासरी आठवली. दोष माझ्यात होता असे जे इतकी वर्षे वाटत होते, ते काही खरे नव्हते.

खरेदी करताना ‘डी’ स्वराची शिट्टी घ्यावी. आयरिश धुनांचा मोठा भाग त्याच शिट्टीवर बसतो आणि बहुतेक शिक्षणसाहित्यही तिच्यासाठीच असते. आपल्या पेटीच्या भाषेत तिचा षड्ज ‘पांढरी दोन’ होय. आरंभी महागडे वाद्य घेण्याचे कारण नाही.

शिट्टी उभी, किंचित तिरकी धरावी. डाव्या हाताची पहिली तीन बोटे वरच्या तीन छिद्रांवर, उजव्या हाताची तीन खालच्या छिद्रांवर ठेवावीत. अंगठे मागून आधार देतात. छिद्र बोटाच्या टोकाने न झाकता पेराच्या मऊ भागाने झाकावे. दाबण्याची गरज नाही. बोटे करकचून धरली तर ती हलेनाशी होतात.

प्रथम केवळ सर्वांत वरचे छिद्र झाकून हलकेच फुंकावे : हा धैवत. दुसरे झाकले की पंचम, तिसरे झाकले की मध्यम. आठवडाभर या तीनच स्वरांवर राहावे. त्यानंतर क्रमाने चौथे, पाचवे व सहावे छिद्र झाकले असता गंधार, ऋषभ व षड्ज मिळतात. सर्व छिद्रे मोकळी ठेवली की निषाद. म्हणजे आपले शुद्ध सप्तक या नळीत तयारच आहे. वरचे छिद्र मोकळे ठेवून त्याखालची दोन झाकल्यास कोमल निषाद लागतो. बासरी जाणणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. तेथे षड्ज वरची तीन छिद्रे झाकून घेतात, येथे सहाही झाकून.

खालचा षड्ज नवशिक्यास हमखास छळतो. किंचाळल्यासारखा आवाज आला, तर दोनच कारणे तपासावीत : कोणते तरी छिद्र नीट झाकले गेलेले नाही, अथवा फुंक अधिक जोराची आहे. खालच्या स्वरांना फुंक मंद लागते. तीच बोटे ठेवून फुंक वाढविली की वरचे सप्तक मिळते. श्वासावरील हा ताबा हेच या वाद्याचे खरे शिक्षण आहे आणि त्यास काही महिने द्यावेच लागतात.

स्वराचा आरंभ जिभेने ‘तु’ म्हटल्याप्रमाणे करावा; परंतु प्रत्येक स्वरास जीभ लावू नये. आयरिश वादक बरेचसे स्वर जोडून वाजवितात आणि दोन सारख्या स्वरांमध्ये एखादे बोट निमिषमात्र उचलून त्यांना वेगळे करतात. हे अलंकार मागाहून शिकावेत. श्वास घ्यावयास जागा नसेल, तर एखादा स्वर खुशाल गाळावा, लय मात्र मोडू नये.

तालाच्या बाबतीत आपणास परकेपणा वाटत नाही. ‘जिग’ या नृत्यधुनेत तीन-तीनचे गट असतात, त्यामुळे दादऱ्याची आठवण होते; ‘रील’ची चाल चार-चारची, केरव्याजवळची. आरंभी संथ गीत किंवा सोपी ‘पोल्का’ धून घ्यावी. ती प्रथम पुष्कळ वेळा ऐकावी, गुणगुणावी, मगच वाजवावी. या परंपरेत धुना कागदावरून कमी आणि कानाने अधिक शिकल्या जातात.

सराव रोज पंधरा मिनिटे पुरे. रविवारी एकदम दोन तास बसण्याहून तो अधिक फळतो. अवघड जागा तेवढीच सुटी करून, अर्ध्या गतीने वाजवावी. वाफ साचून आवाज घोगरा झाला, तर मुखाजवळची चौकोनी खाच बोटाने झाकून जोरात फुंकावे, वायुमार्ग मोकळा होतो. वाजवून झाल्यावर शिट्टी पुसून ठेवावी.

वर्षभरात मला चार धुना येऊ लागल्या आहेत. दूरध्वनीवरून दोघांनी एकाच वेळी वाजवू लागले, तर आवाज मागेपुढे पोहोचतो आणि मेळ बसत नाही; म्हणून नात एक ओळ वाजविते, मी पुढची. माझी घाई झाली की ती थांबविते, “आजोबा, हळू,” आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. ज्या वाचकांनी एखादे वाद्य कधीकाळी खाली ठेवले असेल, त्यांनी या सहा छिद्रांपासून पुन्हा आरंभ करून पाहावा.