बिल उशिरा निघतं? नवीन कॉम्प्युटर घेण्याआधी सर्व्हर कुठे आहे ते विचारा!



समजा, बोरगाव मेघेत तुमचं किराणा दुकान आहे. संध्याकाळची गर्दी, आणि ४० आयटमचं बिल निघायला ८ सेकंद लागतात. मागचं गिऱ्हाईक वैतागून शेजारच्या दुकानात जातं. तुम्ही सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावता. तो म्हणतो, "दादा, आमच्याकडे तर प्रत्येक क्वेरी २ मिलिसेकंदात होते!"

खोटं कोणीच बोलत नाही. त्याने वेळ मोजला सर्व्हरवर, तुम्ही मोजला काउंटरवर. मधला रस्ता त्याच्या हिशेबात आलाच नाही.

फायबर केबलमधून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. वर्धा ते मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. केबल तेवढीच धरली तर जाऊन-येऊन साडेसात मिलिसेकंद. सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला असेल, तर जाऊन-येऊन निदान २५ हजार किलोमीटर, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद. वाटेतली वळणं आणि राउटर धरून प्रत्यक्षात २०० च्या पुढेच.

एका फेरीला २०० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. पण प्रोग्राम प्रत्येक आयटमचा भाव वेगळा विचारत असेल तर? ४० गुणिले २०० = ८००० मिलिसेकंद. हेच ते ८ सेकंद! वर्ध्याच्या ठोक बाजारातून ४० वस्तू आणायला आपण ४० चकरा मारतो का? यादी करून एकदाच जातो ना!

म्हणून पैसे खर्च करण्याआधी हे करा:

१. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' कमांडपुढे सर्व्हरचा पत्ता टाका. एका फेरीचा वेळ दिसेल. काही सर्व्हर उत्तर देत नाहीत, तेव्हा व्हेंडरकडून आकडा घ्या.

२. व्हेंडरला विचारा, "डेटाबेस कोणत्या शहरात आहे?" अॅमेझॉनची क्लाउड सेवा २०१६ पासून मुंबईत आहे.

३. विचारा, "एका बिलाला डेटाबेसकडे किती फेऱ्या होतात? एकाच फेरीत होईल का?"

४. डेमो स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या इंटरनेटवर, ४० आयटमचं बिल करूनच बघा.

आणि हो, जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतला की रस्ता रुंद होतो, मुंबई काही जवळ येत नाही. आधी मोजा, मग पैसे मोजा!